तक्रारीआधी इमारत पाहावी: सोसायटीत वरखालचा शेजार कसा सांभाळावा

सोसायटीतली भांडणे माणसांच्या स्वभावातून सुरू होतात असे आपण सहसा धरून चालतो. प्रत्यक्षात त्यांतली बरीच स्लॅब, पाइप, डक्ट आणि टाकी यांतून सुरू होतात. कारण न शोधता आरोप झाला की मग त्यांत स्वभाव उतरतो. "वरच्यांना सांगून उपयोग नाही", "खालच्यांना सगळ्याचाच त्रास होतो" हे समज एकदा घट्ट झाले की गळती थांबल्यावरही दोन घरांचे बोलणे सुरू होत नाही. म्हणून शेजार सांभाळण्याचा पहिला धडा माणसांविषयीचा नसून इमारतीविषयीचा आहे: आधी नीट पाहावे, नोंदवावे, कारण शोधावे, मग समक्ष बोलावे, आणि कागद अगदी शेवटी हातात घ्यावा.

मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली उभी राहिली, म्हणजे एका छताखाली अनेक कुटुंबांनी सहकाराने राहण्याला आपल्याकडे शंभरहून अधिक वर्षे झाली. तरीही एका घराची जमीन हे दुसऱ्या घराचे छत असते, या साध्या गोष्टीतून काय काय उद्भवते हे नव्याने फ्लॅट घेणाऱ्याला कोणी समजावून सांगत नाही. त्यातल्या सर्वांत त्रासदायक बाबीपासून, म्हणजे गळतीपासून, सुरुवात करणे योग्य होईल.

गळती: आधी वेळ, मग जागा, मग कारण

छतावर ओलीचा डाग दिसला की प्रथम तो विजेच्या बिंदूजवळ आहे का ते पाहावे. दिव्याच्या किंवा पंख्याच्या जागेतून पाणी ठिबकत असेल, तर त्या भागाचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा विजेचा खटका, लगेच बंद करावा आणि वरच्या घराला तत्काळ कळवावे. तेथे निरीक्षणात वेळ घालवू नये. एरवी मात्र वरच्यांना डाग दिसल्याचे सांगून ठेवावे आणि पुढचे काही दिवस तो नीट पाहावा. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून तारीख घालावी, म्हणजे तो वाढतो आहे की जुनाच आहे हे कळते. एका वहीत तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता आणि थेंब कोणत्या गतीने पडत होते हे लिहावे. ही वही पुढे प्लंबरला, वरच्या घराला आणि गरज पडल्यास कमिटीला लांबलचक तक्रारीपेक्षा अधिक सांगते.

नोंदी पाहिल्या की गळतीचे प्रकार वेगळे होऊ लागतात. दिवसरात्र एकाच गतीने, वरचे घर कुलूपबंद असतानाही पाणी पडत असेल, तर बहुधा भिंतीत दबलेली, दाबाने भरलेली पाण्याची लाइन गळते आहे. गच्चीवर त्या लाइनचा व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवून फरक पाहता येतो. मात्र ज्या घरांना त्या लाइनचे पाणी जाते त्यांना आधी सांगितल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावू नये. आंघोळी आणि धुणी झाल्यावरच ओल वाढत असेल, तर दोष सांडपाण्याच्या मार्गात, म्हणजे नाहणी ट्रॅपच्या (नाहणीच्या भोकाखाली बसवलेल्या भांड्याच्या) सांध्यात किंवा टाइल्सच्या फटींत शोधावा. फ्लश केल्यावरच थेंब येत असतील, तर कमोडचा सांधा तपासावा. केवळ पावसाळ्यात ओल येत असेल, तर वरच्या घराला दोष देण्याआधी बाहेरची भिंत, खिडकीची कड आणि वर गच्ची असेल तर गच्ची पाहावी. कोकणात आणि मुंबईत मोसमी वारे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतात, त्यामुळे त्या बाजूच्या भिंती पावसाचा मारा सर्वाधिक खातात आणि त्यांच्या गिलाव्यातले तडे सर्वांत आधी पाणी आत घेतात.

डाग जेथे दिसतो तेथेच पाणी शिरते असे नाही. स्लॅबमध्ये विजेच्या तारांसाठी ठेवलेल्या पोकळ नळ्यांतून पाणी वाहत जाते आणि न्हाणीघरातली गळती हॉलमधल्या पंख्याच्या हुकापाशी प्रकट होते. "आमच्या हॉलच्या वर त्यांचा हॉलच आहे, तेथे पाणी कसे असेल?" हा प्रश्न अशा वेळी दोन्ही घरांना अकारण गोंधळात टाकतो.

वरचे घर तयार असेल, तर एक सोपी चाचणी करता येते. नाहणीचे भोक कापडाने किंवा रबरी बुचाने पक्के बंद करावे, जमिनीवर इंचभर पाणी साठवून त्यात थोडी नीळ घालावी आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करून एक दिवस वाट पाहावी. पातळी लक्षात येण्याइतकी उतरली किंवा खाली निळसर ओल आली, तर टाइल्सच्या फटी किंवा त्याखालचा वॉटरप्रूफिंगचा थर दोषी आहे असे समजावे. काहीच झाले नाही, तर दुसऱ्या दिवशी नाहणी उघडून तिच्यातून बादल्या ओताव्यात. आता खाली पाणी आले तर ट्रॅप किंवा त्याला जोडलेला पाइप गळतो आहे. दोन्ही चाचण्या एकाच दिवशी केल्या, तर पाणी नेमके कोणत्या वाटेने आले हे कळत नाही.

आपल्याकडे संडास आणि न्हाणीघर यांच्याखालचा स्लॅब बहुधा खोलगट ठेवलेला असतो आणि तो खळगा विटांच्या तुकड्यांनी भरून त्यावर टाइल्स बसवतात. पाणी या भरावात साठून राहते. त्यामुळे वरची जमीन कोरडी ठणठणीत दिसत असताना खालचे छत गळू शकते, आणि दुरुस्ती उत्तम झाली तरी भरावातले पाणी संपेपर्यंत पुढे काही दिवस थेंब पडत राहतात. पहिली गोष्ट वरच्या घराने लक्षात ठेवावी, कारण "आमच्याकडे तर सगळे कोरडे आहे" हे उत्तर खरे असूनही त्यामुळे प्रश्न सुटत नाही. दुसरी गोष्ट खालच्या घराने लक्षात ठेवावी: दुरुस्तीच्या दुसऱ्याच दिवशी "काही फरक नाही" असे सांगू नये, आणि छत पूर्ण वाळल्याशिवाय रंगकाम तर मुळीच काढू नये.

दुरुस्तीही पायरीपायरीने करावी. फटी खरवडून इपॉक्सी ग्राउट भरण्याचे काम फार तर एका दिवसाचे असते आणि अनेक गळत्या तेवढ्याने थांबतात. त्याने भागले नाही तर ट्रॅपभोवतीचा भाग उघडावा, आणि त्यानंतरच संपूर्ण न्हाणीघर फोडण्याचा विचार करावा. खालच्या घराने पहिल्याच भेटीत फोडकामाची मागणी करणे मला अन्यायाचे वाटते, कारण वरच्या कुटुंबाला त्या काळात आंघोळीसाठी दुसऱ्याचे दार ठोठवावे लागते.

खर्च कोणी करायचा हा प्रश्न सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांनी, बऱ्यापैकी सोडवला आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायची असते. गच्चीतून झिरपलेल्या पावसाने सर्वांत वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा खराब झाला, तर तोही संस्थेनेच करून द्यायचा असतो. घरातला संडास, सिंक, न्हाणीघर यांतून होणाऱ्या गळतीचा खर्च त्या घराच्या सभासदाकडे येतो. आपल्या संस्थेने स्वीकारलेली उपविधींची प्रत सचिवांकडून मागून घ्यावी आणि पैशांचा विषय निघण्याआधी दोन्ही घरांनी ती वाचावी. वरचे घर भाड्याने दिलेले असेल, तर भाडेकरूशी सौजन्याने बोलावे, पण निर्णयासाठी घरमालकालाच कळवावे. दुसऱ्याच्या घरातल्या टाइल्स फोडण्याचा अधिकार भाडेकरूला नसतो आणि त्याला मध्ये धरणे योग्य नाही.

दारात जाऊन कसे बोलावे

सकाळी डबे भरण्याच्या वेळी, जेवणाच्या वेळी किंवा रात्री नऊनंतर कोणाच्या दारात तक्रार घेऊन जाऊ नये. रविवारी सकाळी दहा-अकराची वेळ बहुतेक घरांना सोयीची असते. एकट्याने किंवा घरातल्या एकाला सोबत घेऊन जावे; चेअरमनना पहिल्याच भेटीत बरोबर नेले, तर समोरच्याला आपल्यावर खटला भरल्यासारखे वाटते. बोलणे दोषापासून सुरू न करता मदतीपासून सुरू करावे: "काकू, आमच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली आहे. कुठून येते ते कळत नाही. तुम्ही आणि काका जरा खाली येऊन बघता का?"

खाली बोलावून दाखवणे हा या साऱ्या मार्गातला सर्वांत परिणामकारक भाग आहे. फोनवर पाठवलेल्या छायाचित्रात डाग लहान दिसतो आणि ओलीचा वास तर येतच नाही. उलट, सुटलेल्या गिलाव्याखाली ठेवलेली बादली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की माणूस आपणहून प्लंबरचा विषय काढतो. वरच्या घरानेही पहिल्या निरोपालाच खाली येऊन पाहावे. "प्लंबर पाठवतो" एवढे सांगून दार लावण्यापेक्षा पाच मिनिटे खाली उभे राहणे पुढची अनेक वर्षे उपयोगी पडते.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या फ्लॅटचा नंबर घालून तक्रार कधीही लिहू नये. तेथे ज्यांचा संबंध नाही असेही लोक मत देतात, आणि दोन घरांत मिटणारी गोष्ट साऱ्या इमारतीसमोर आल्यामुळे कोणालाच माघार घेता येत नाही. तो ग्रुप टाकी धुण्याची सूचना, लिफ्ट बंद असल्याची खबर आणि हरवलेली किल्ली यांसाठी चांगला आहे.

आवाज वरूनच येतो असे नाही

इमारतीतला आवाज दोन वाटांनी येतो. बोलणे, टीव्ही, गाणी यांचा आवाज हवेतून, म्हणजे खिडक्यांतून आणि डक्टमधून येतो. खुर्ची सरकवणे, कुटणे, धावणे, काही पडणे यांचा आवाज काँक्रीटमधून येतो. दुसऱ्या प्रकाराची दिशा फसवी असते. स्लॅबवरचा दणका बीम आणि कॉलममधून पसरतो, त्यामुळे डोक्यावर ऐकू येणारी ठकठक तिरप्या बाजूच्या किंवा चक्क खालच्या घरातून आलेली असू शकते. वरच्या घरी जाऊन "रात्री अकरा वाजता काय कुटता?" असे विचारण्याआधी "असा आवाज तुमच्याकडेही येतो का?" असे विचारावे; ती माणसे त्या वेळी झोपलेली असण्याची शक्यता बरीच असते.

आपल्या घरातून खाली जाणारा आवाज कमी करणे फारसे खर्चाचे नाही. खुर्च्या-टेबलांच्या पायांना नमद्याच्या किंवा रबराच्या टोप्या लावाव्यात. मिक्सर भिंतीला टेकवू नये आणि त्याखाली जाड रबरी चटई घालावी. खलबत्ता घडी केलेल्या गोणपाटावर ठेवावा आणि खोलीच्या मधोमध न बसता भिंतीच्या कडेला, बीमच्या जवळ बसून कुटावे, कारण स्लॅब मध्यभागी अधिक हादरतो. धुलाई यंत्राचे चारही पाय समपातळीत आहेत का हे पाहून घ्यावे; एक पाय अधांतरी असेल, तर कपडे पिळताना होणारी थरथर दोन मजले खालीही पोचते. मुले खेळतात त्या जागी जाड सतरंजी घालावी. मात्र दिवसा लहान मुलांच्या धावण्याचा आवाज हा तक्रारीचा विषय करू नये असे माझे ठाम मत आहे. सोसायट्यांतली मैदाने गाड्यांखाली गेल्यानंतर मुलांनी धावायचे तरी कोठे?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि त्यात रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत या वेळेचे पालन काटेकोर हवे, मग निमित्त वाढदिवसाचे असो वा गणपतीचे. घरात फोडकाम काढायचे असेल, तर संस्थेने ठरवलेल्या वेळा पाळाव्यातच, पण त्याआधी वर, खाली आणि शेजारी जाऊन कोणत्या दिवशी टाइल्स फुटणार आहेत ते सांगावे. कोणाकडे आजारी माणूस आहे, कोणी रात्रपाळी करून दिवसा झोपतो, कोणाचे मूल दहावी-बारावीला आहे, हे विचारून तारखा पुढेमागे कराव्यात. फेब्रुवारी आणि मार्च हे परीक्षांचे महिने टाळता आले तर फारच चांगले.

पाण्याचा दाब आणि मेंटेनन्सची आकारणी

सर्वांत वरच्या मजल्यावर शॉवरला पाणी बारीक येते, तेव्हा खालची घरे पाणी ओढून घेतात असा समज होतो. खरे कारण उंची हे आहे. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली सुमारे एक बार दाब मिळतो. वरच्या मजल्याचा शॉवर टाकीपासून जेमतेम दोन-तीन मीटर खाली असतो, तर सात मजली इमारतीत तळाच्या घराला दोन बारच्या आसपास दाब मिळतो. उपाय वरच्या मजल्यांसाठी टाकीपासून वेगळी लाइन काढणे किंवा संस्थेच्या संमतीने लहान प्रेशर पंप बसवणे हा आहे. खालच्या मजल्यांनी अँगल व्हॉल्व्ह (नळाआधीचे छोटे कॉक) थोडे आवळून ठेवले, तर त्यांचे नळ आणि फ्लशच्या टाक्याही कमी बिघडतात.

आकारणीबाबत आदर्श उपविधींचे सूत्र असे आहे की पाण्याचा खर्च फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून वाटायचा, तर लिफ्टचा खर्च आणि सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान. तळमजल्यावरच्या सभासदाला लिफ्टचे पैसे द्यावे लागणे खटकते, पण नियम तसा आहे हे कोणीतरी शांतपणे दाखवून दिले की दर वर्षीच्या सभेतला तो वाद आटोपता येतो. घर भाड्याने दिलेल्या सभासदाकडून बिनवहिवाट शुल्क घेता येते, मात्र ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही.

जिना, पॅसेज आणि तेथे राबणारी माणसे

जिना आणि पॅसेज हा आग लागल्यास पळण्याचा रस्ता आहे, म्हणून चपलांचे कपाट, जुनी सायकल, कुंड्या तेथे ठेवू नयेत, मग शेजारच्यांची हरकत नसली तरीही. बाल्कनीतल्या कुंड्यांखाली ताटल्या ठेवाव्यात आणि झाडांना पाणी खालच्यांचे कपडे वाळत असताना घालू नये. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी घातले होते. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पुण्यातली पद्धत सर्वत्र उचलण्यासारखी आहे, कारण कचरा हाताने वेगळा करणाऱ्या ताईंना त्यामुळे ती पुडी उघडावी लागत नाही. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदीचा ठराव संस्थेने करू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे. कुत्र्याच्या मालकाने मात्र त्याला फिरवताना पिशवी आणि पट्टा दोन्ही जवळ ठेवायला हवीत.

वॉचमनला बसायला पंख्याखालची जागा, प्यायचे पाणी आणि स्वच्छ संडास आहे का, हे प्रत्येक सभासदाने एकदा स्वतः पाहावे. घरकामाला येणाऱ्या मावशींना रहिवाशांची लिफ्ट वापरू न देणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. ज्यांच्या हातची पोळी आपण खातो त्यांनी आपल्या शेजारी दोन मिनिटे उभे राहू नये, हा नियम कोणत्याही कमिटीने करू नये आणि झाला असेल तर सभासदांनी पुढच्या सभेत तो रद्द करून घ्यावा.

कागदावर जाण्याची वेळ आली तर

समक्ष बोलून, दाखवून आणि वाजवी वाट पाहूनही काही झाले नाही, तर सचिवांना पत्र लिहावे. एका पत्रात एकच विषय असावा. ओल कधी दिसली, कोणत्या तारखांना काय आढळले, कोणती चाचणी झाली आणि आपली नेमकी मागणी काय, एवढेच लिहावे. "बेजबाबदार", "मुद्दाम" असे शब्द एकदाही येऊ देऊ नयेत, कारण कमिटीला स्वभावाचा नव्हे तर गळतीचा निर्णय घ्यायचा असतो. छायाचित्रे जोडावीत आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. कमिटीने दोन्ही घरांच्या उपस्थितीत जाणकाराकडून पाहणी करवून घ्यावी असा आग्रह धरावा. इमारत जुनी असेल, तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झाले हेही विचारावे: आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी ते व्हायचे असते, आणि अनेक घरांत एकाच वेळी ओल येत असेल तर दोष एका न्हाणीघरात शोधून सापडणार नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे पावसाळ्यात दिसलेल्या सामाईक गळत्या त्या सभेत मांडणे सोयीचे पडते. त्यापुढे उपनिबंधक आणि सहकार न्यायालय हे मार्ग आहेत, पण ते वेळखाऊ आहेत.

किल्ली, वाटी आणि व्हॉल्व्ह

हे सारे ज्यांच्याशी आधीची ओळख आहे त्यांच्याशी कितीतरी सोपे जाते. म्हणून नव्या घरात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात वर, खाली आणि समोरच्या दारी जाऊन यावे. शेजारून आलेली वाटी रिकामी परत न करण्याची रीत जपावी. संक्रांतीचा तिळगूळ आणि दिवाळीचा फराळ ज्या मजल्यावर फिरतो तेथे छतावरच्या डागाचा विषय काढायला कोणालाच संकोच होत नाही. कोजागरीला गच्चीवर दूध आटवण्याचा बेत कमिटीने ठेवावाच, कारण लिफ्टमध्ये केवळ मान हलवणारी माणसे तेथे बोलू लागतात. मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी किंवा आजोबा असतील, तर त्यांच्या दाराशी दुधाची पिशवी आणि वर्तमानपत्र नेहमीची वेळ उलटूनही पडून दिसल्यास बेल वाजवावी, उत्तर न आल्यास फोन करावा, आणि त्यांच्या मुलांचा नंबर आपल्याकडे आधीच असावा.

घराची एक जादा किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवावी. किल्ली देताना आपल्या घरातला पाण्याचा मुख्य कॉक, गॅसचा व्हॉल्व्ह आणि एमसीबीचा बोर्ड त्यांना प्रत्यक्ष दाखवावा, कारण आपण गावी असताना नळीचा सांधा निसटला तर ती माणसे पाणी बंद करू शकतील की नाही, यावर खालच्या घराचे छत अवलंबून असते. गच्चीवरच्या टाकीपाशी प्रत्येक व्हॉल्व्हवर तो कोणत्या लाइनचा आणि कोणत्या फ्लॅटचा आहे हे ऑइलपेंटने लिहून घ्यावे आणि त्याचा नकाशा वॉचमनच्या खोलीत लावावा. हे काम मे महिन्यात, गच्चीची पाहणी आणि पन्हळी साफ करण्याबरोबरच उरकून घ्यावे.